नानांची टेकणी

आमचे नाना कुठल्याही गावाचं अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, टेकण्यांमध्ये सांगतात. पेण एक टेकणी. अलिबाग दोन. माणगाव तीन, पण रस्ता खणलेला असेल तर चार. टेकणी म्हणजे नक्की किती, असं एका पाहुण्याने त्यांना एकदा विचारलं होतं. नाना म्हणाले, "गाडीतून उतरायचं, बूड टेकायचं आणि परत गाडीत बसावंसं वाटंपर्यंत उठायचं न्हाय. ही एक टेकणी." पाहुण्याने मान डोलावली आणि दुसरा विषय काढला.

नाना म्हणजे माझे थोरले दीर. उरणजवळ आमच्या आळीत, विहाराच्या मागे, त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीने जोडलेलं आहे. पाटबंधारे खात्यात कारकून होते. निवृत्त झाल्यावर कुणी बाग करतं, कुणी राजकारण करतं. नानांनी दुसऱ्यांच्या सहलींचे थांबे ठरवायला घेतले. आळीत कुणी गाडी धुवायला काढली की नाना बनियनवरच तिथे हजर. कुठे चाललात हे ते विचारत नाहीत, कुठून जाणार ते विचारतात. पोचल्यावर काय बघायचं ते तुमचं तुम्ही बघा, त्यात त्यांना काडीचा रस नाही. त्यांचा जीव सगळा वाटेत.

नानांच्या थांब्याच्या अटी कडक असतात. सावली हवी, पण नारळाची नको, कारण नारळ कधी डोक्यात पडेल सांगता येत नाही. वारा समोरून यावा. तोंड धुवायला पाणी असावं. पाठ टेकायला कठडा किंवा झाडाचं खोड असावं. आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे तिथे तळणाचा वास येता कामा नये. जिथे वडे तळतात तिथे नाना थांबू देत नाहीत. जिथे सुकट वाळत घातलेली असते तिथेही नाही. या दोन अटींत किनाऱ्यावरची निम्मी हॉटेलं आणि निम्मी गावं बाद होतात. एका ठिकाणची मिसळ फार नावाजलेली आहे, असं माझ्या मुलाने, नितीनने, त्यांना सांगून पाहिलं. "आसंल नावाजलेली," नाना म्हणाले, "पण फोडणी रस्त्यापत्तर येती. माणसानं श्वास कुठं घ्यायचा?"

शेजारचं एक कुटुंब नानांच्या सल्ल्याने थेट महाबळेश्वरला जाऊन आलं. वाटेत चहा कुठेच मिळाला नाही, पण झोप छान झाली, असं त्यांनी सांगितलं. एका लग्नाच्या वऱ्हाडाला नानांनी आंब्याखाली टेकवलं, तर नवरदेवाचाच डोळा लागला आणि मंगल परिणय बराच लांबला. नानांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या मते नवरदेव ताजातवाना दिसत होता, आणि फोटोंत ते दिसतंच आहे.

थांबा सुचवण्याआधी नाना तो स्वतः जाऊन बघतात. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी एकदा शाळेत गेले होते. मी शिक्षिका आहे, आणि त्या दिवशी माझी बस चुकली होती. वाटेत ओढ्यावरच्या एका मोरीवर नानांनी स्कूटर थांबवली, कठड्यावर जाऊन बसले, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. नंतर दुसऱ्या कठड्यावर जाऊन तेच केलं. गुरं घेऊन चाललेल्या एका माणसाने काही हरवलं का म्हणून विचारलं. नाना म्हणाले, "न्हाय, बसून बघतोय." त्या दिवशी मुख्याध्यापिकांना उशिराचं कारण सांगताना मला बरीच जुळवाजुळव करावी लागली.

त्यांची बायको, माझ्या मोठ्या जाऊबाई सुमनताई, या सगळ्यापासून लांब. त्या कुठे जातच नाहीत. बाई खमकी आहे. आळीत कुणाचा हात मोडला, कुणाला विंचू चावला, कुणाचं बाळंतपण अडलं, की पहिली हाक सुमनताईंना. रक्त बघून त्या कधी डगमगल्या नाहीत. पण प्रवासाचं नाव काढलं की घरात कामं फार आहेत म्हणतात. पूर्वी माहेरी जायच्या. तेव्हा नाना आणि त्या दोघंच एस.टी.ने जायची, मधल्या गावांत उतरत, दिवसभर रमतगमत. लग्नकार्यालाही आमच्याबरोबर न येता दोघं आदल्या दिवशीच निघायची. आम्हाला ती हौस वाटायची. पुढे ताईंचे गुडघे गेले, एस.टी.ची पायरी चढवेना आणि माहेर तुटलं.

माहेर म्हणजे आता एकट्या अक्का उरल्या आहेत. ताईंची थोरली बहीण. खाडीपलीकडे, दिघीच्या पुढे राहतात. अक्कांना दिसायचं कमी झालंय. त्या फोनवर एवढंच म्हणायच्या की डोळ्यांत थोडा उजेड आहे तोवर येऊन जा. ताई बरं म्हणून फोन ठेवायच्या आणि मग उगाचच तांदूळ निवडायला घ्यायच्या.

गेल्या नाताळच्या सुट्टीत नितीनने सात जणांची नवी गाडी घेतली आणि दिवेआगरचा बेत केला. फोनवर त्याने रस्ता काढला. माणगावपर्यंत हायवे आणि पुढे घाट. नानांनी ती निळी रेघ चष्मा लावून बघितली आणि मोडीत काढली. अलिबागवरून मुरूड, आगरदांड्याला गाडीसकट फेरीबोटीत आणि पलीकडे दिघी, असा त्यांचा रस्ता. नितीनने वेळेचा हिशेब मांडला. तेव्हा नाना माझ्यासमोर आणि माझी सून प्राची हिच्यासमोर शांतपणे म्हणाले, "मला घाटात सारखी लघवीला लागती." नितीनने फोन खिशात ठेवला, आणि रस्ता ठरला.

"वाटेत अक्का हायेत," नाना जाता जाता म्हणाले. "त्यांच्याकडं टेकू जरा."

 दुसऱ्या दिवशी ताईंकडून डिंक तळल्याचा वास आला. अक्कांना डिंकाचे लाडू आवडतात. पण निघायच्या सकाळी लाडवांचा डबा माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, तुम्हीच जा, अक्काला डबा द्या, घर बघायला कुणी नको का. चेहरा अगदी कोरा होता. डब्याचं झाकण मात्र त्यांनी हातातून सोडलं नव्हतं. नाना म्हणाले की घर कुठे पळून जात नाही, आणि त्यांनी गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. ताई पुढेच बसणार, कारण त्यांना रस्ता माहीत आहे, हे त्यांनी जाहीर केलं. इतक्या वर्षांनी ताईंना आमच्या बाजारापलीकडचा रस्ता आठवत असेल असं मला वाटत नाही. पण त्या बसल्या. मग नानांनी आरशाला लटकवलेली अत्तराची बाटली काढली, आपल्याला शिंका येतात म्हणून खिशात टाकली, आणि दिवसभर ते स्वतःच एखाद्या नवरदेवासारखे घमघमत राहिले.

पेणच्या पुढे पहिली टेकणी झाली. चौलजवळ सुपारीच्या वाडीच्या कडेला दुसरी. रेवदंड्याचा पूल ओलांडून तिसरी. प्रत्येक ठिकाणी नाना पिशवीतून मीठ लावलेलं लिंबू काढायचे, आपल्याला पित्त आहे असं सांगायचे, जिभेला लावल्यासारखं करायचे आणि "टाकून कशाला द्यायचं" म्हणत उरलेलं ताईंच्या हातात ठेवायचे. जागा खरंच सुरेख होत्या, हे मी कबूल करते. पण नितीनचं लक्ष घड्याळाकडे होतं. फेरीबोट चुकली तर पुढची मिळेपर्यंत जेट्टीवर बसावं लागणार होतं.

काशीदच्या पुढे त्याने सांगून टाकलं की आता थेट आगरदांडा. तिथे रस्ता डोंगराच्या कडेने वळणं घेत जातो. दोनचार वळणं झाली असतील नसतील, तोच नाना मागून म्हणाले, "नितीन, थांबव. लागली."

नितीनने गाडी थांबवली, पण डॉक्टरला दाखवा असं तो जरा जोरातच म्हणाला. प्राची खिडकीबाहेर बघून हसू दाबत होती. माझे यजमान तर सख्खे भाऊ, त्यांनी भीड ठेवली नाही. एवढं होतंय तर माणसाने घरी बसावं, दुसऱ्यांची सुट्टी कशाला नासवावी, असं ते बोलले. नाना उतरले आणि रस्त्याच्या कडेच्या दगडी गडग्यामागे गेले.

माझाही पाय आखडला होता, म्हणून मी उतरले आणि चार पावलं त्याच बाजूला गेले. बघायला नको तिथे नजर गेली, म्हणून लगेच वळणार होते. पण नाना काहीच करत नव्हते. हात पाठीमागे बांधून नुसते उभे होते. समुद्र त्यांच्या मागे होता आणि ते गडग्याच्या फटीतून गाडीकडे बघत होते.

मी त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. पुढचं दार उघडं होतं. ताई पाय खाली सोडून बसल्या होत्या. तोंडावर पदर, डोळे मिटलेले, चेहरा तांदळाच्या पिठासारखा. दुसऱ्या हातात ते लिंबू घट्ट धरलेलं.

ताईंना गाडी लागत होती. आळीतल्या सगळ्यांची दुखणी काढणाऱ्या बाईला गाडी लागते, हे इतक्या वर्षांत आम्हा कुणाला माहीत नव्हतं, कारण नानांनी ते माहीत होऊ दिलं नव्हतं. तळणाचा वास, सुकटीचा वास, घाट, पुढची जागा, ते अत्तर, ती रमतगमत एस.टी., सगळं माझ्या डोक्यात एकदम जागेवर बसलं. आळीभर सल्ले वाटत हा माणूस स्कूटरवर हिंडत होता, तो एका बाईला तिच्या माहेरापर्यंत नेऊन पोचवायची वाट शोधत होता. 

ताईंनी डोळे उघडले, तोंड पुसलं, पदर सारखा केला. तेवढं होईपर्यंत नाना हलले नाहीत. मग पट्टा सारखा करण्याचं नाटक करत वळले, तर समोर मी.

"सुलभा," ते हळूच म्हणाले, "तू काय बघितलं न्हाईस."

"नाही, नाना."

"तिला लय लाज वाटती गं. एवढी धीराची बाई, आणि पोरांसमोर असं... माझं काय? म्हाताऱ्या माणसाला लागतीच."

गाडीत बसल्यावर नितीनने झालं का म्हणून विचारलं. नाना म्हणाले, "झालं बाबा. वय झालं." आणि खिडकीची काच जरा खाली केली.

मुरूड मागे पडलं. आगरदांडा जवळ येत होतं. ताईंची मान पुन्हा सीटवर कलंडलेली मला मागून दिसली. नानांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "नितीन, थांब रे. मला लागलीय." आईला कोण काय बोलणार? त्याने मुकाट्याने गाडी कडेला घेतली. माझे यजमान माझ्याकडे बघतच राहिले. मी उतरून एका वडाला नीट निरखून वळसा घातला आणि परत आले.

त्यामुळे फेरीबोट चुकली, आमच्या डोळ्यांदेखत सुटली. नितीन कपाळाला हात लावून बसला. नाना मात्र जेट्टीवरच्या कठड्यावर जाऊन बसले, वारा तपासला, आणि ही आयती टेकणी आहे असा निकाल दिला.

बोटीत मात्र चक्रं फिरली. ताई गाडीतून उतरल्या, गुडघा दाबत कठड्याशी गेल्या आणि वारा खात उभ्या राहिल्या. खाडीकाठच्या बाईला पाण्याचं काय होणार? प्राचीला त्या पलीकडची गावं बोटाने दाखवू लागल्या. नाना बोटीच्या मधोमध एका खांबाला धरून बसले होते आणि त्यांचा रंग उडाला होता. ताईंनी मागे वळून पाहिलं, पिशवीतून लिंबू काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्या दिवसभरात नानांनी स्वतःसाठी चोखलेलं ते पहिलं लिंबू.

अक्का ओट्यावर बसून होत्या, सकाळपासूनच असाव्यात. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी हात पुढे केला. ताईंनी तो धरला आणि अक्कांनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. कपाळ, गाल, हनुवटी. आम्ही सगळे गाडीपाशीच थांबलो.

"लय उशीर क्येलास गं," अक्का म्हणाल्या.

"ह्यांच्यामुळं," ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "ह्यांना सारकं उतरावं लागतं. पोरं पार वैतागली बघ." हे बोलताना त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना हात जोडून "जय भीम, अक्का" म्हणाले आणि त्यांनी मान हलवली.

"व्हय. माझंच हाय ते."

नितीन आणि प्राची सामान काढायला गेले. ताई लाडवांचा डबा घेऊन आत गेल्या.  अक्का नानांच्या आवाजाच्या दिशेने तोंड करून हळू बोलल्या, पण मी जवळ होते, म्हणून मला ऐकू आलं.

"ल्हानपनी बैलगाडीत हिचं डोस्कं मी धरायची, नाना. अर्ध्या वाटंतच म्हनायची, मला घरला न्या." त्यांनी ओट्यावर बाजूची जागा हाताने पुसली. "तुमाला सारकं लागतं, म्हनून ही आज माज्या दारात आली."

नानांनी खिशातून रुमाल काढला, त्याबरोबर अत्तराची बाटलीही बाहेर आली. ती त्यांनी परत खिशात टाकली. मग अक्कांनी पुसलेल्या जागेवर ते टेकले, आणि ताई चहा घेऊन बाहेर येईपर्यंत उठले नाहीत.