फक्त अकरा

"मुंगीच्या पायात पैंजण घालायला सांग, घालून दाखवतो! बियांचं काय घेऊन बसलीस?" असं म्हणून घड्याळजींनी बायकोच्या हातातलं पाकीट जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

पाकिटात पिटुनियाची सहा वाळकी बोंडं होती. हा गर्द जांभळा पिटुनिया घड्याळजींच्या सासूबाईंचा. त्या गेल्यानंतरही बायकोनं दरवर्षी बी धरून तो जगवला होता. यंदा शेवटचं रोप वाळलं आणि उरली ती ही बोंडं. कुंडी रिकामी करायचाही तिला धीर होत नव्हता.

"अहो, जपून हं. आईची एवढीच आठवण उरलीय."

"अगं, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय मी!"

खिडकीशी त्यांचं कामाचं टेबल होतं. तिथे त्यांनी बोंडं चुरडली, चहाच्या गाळणीनं चाळली आणि घड्याळातली धूळ उडवायचा रबरी फुगा घेऊन फुस्स, फुस्स करत सगळी तपकिरी धूळ उडवून लावली. कागदावर उरलेलं सोनेरी बी त्यांनी काचेच्या बाटलीत भरलं आणि वर नाव चिकटवलं. काम फत्ते! बायकोनं नेहमीप्रमाणे ओल्या फडक्यानं टेबल पुसलं.

चौथ्या दिवशी मेहुणी आली. तिची रोपवाटिका होती. बाटली उजेडात धरून ती बघतच राहिली.

"भावोजी, हा तर भुसा आहे!"

"मग बी?"

"धुळीसारखं असतं ते. तपकिरी."

घड्याळजींचा चेहरा बंद पडलेल्या घड्याळासारखा झाला. "ती धूळ... मी उडवली."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा!" मेहुणी म्हणाली. बायकोनं रिकामं पाकीट उचलून नीट घडी घालून ठेवलं. तेच जास्त लागलं.

"पंखा बंद करा! कुणी हलू नका!" घड्याळजी ओरडले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी टेबलाची एकेक फट धुंडाळायला घेतली. तासाभरानं एका फटीत त्यांना पहिलं बी दिसलं, आणि ते श्वास घ्यायला विसरले. नुसत्या डोळ्यांना ठिपका, पण भिंगाखाली पूर्ण गोल, आणि त्यावर सगळीकडे जाळीचं नक्षीकाम. एकही घर वाकडं नाही.

"एवढं बारीक काम मी जन्मात पाहिलं नाही गं," ते हळूच म्हणाले. "आणि ह्याला चावीसुद्धा द्यावी लागत नाही!"

बायकोनंही भिंगातून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई हे नुसत्या बोटांनी निवडायची हो."

मग चिमट्यानं एकेक बी उचलून घड्याळजींनी पांढऱ्या कागदावर मांडलं. दुपार सरली, मान अवघडली.

"किती मिळाल्या हो?" बायकोनं दारातून विचारलं.

घड्याळजींनी कागदावर वाकूनच उत्तर दिलं, "फक्त अकरा!"

त्यातला 'अकरा' निरुपद्रवी होता. घात केला तो 'फ'च्या फुंकरीनं! कागद कोरा झाला.

पुढचे तीन आठवडे घरात घड्याळांच्या टिकटिकीखेरीज बोलणं असं नव्हतंच. आणि एका सकाळी गॅलरीतून हाक आली, "अहो! लवकर या!"

वाळक्या रोपाच्या त्याच कुंडीत हिरवी साय धरली होती. टेबल पुसलेलं फडकं बायको रोज बादलीत पिळायची आणि ते पाणी जुन्या सवयीनं आईच्या कुंडीत ओतायची. उडवलेली धूळ पहिल्याच दिवशी मुक्कामी पोचली होती!

घड्याळजी भिंग लावून गुडघ्यांवर बसले. टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान पानं, आणि प्रत्येकाला जोडीदार! त्यांनी नकळत हात जोडले.

"किती आहेत हो?" बायकोनं विचारलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज हसरा होता.

घड्याळजी उठले, आत गेले, भिंतीकडे तोंड केलं, तोंडावर रुमाल धरला आणि मगच म्हणाले,

"फार!"