कंपायलरला दिलेला शब्द

तयार लायब्ररी डाउनलोड करतात ती नवशिकी मंडळी! आम्ही मूळ कोड आणतो, तो यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरच्या सेटिंग्ज स्वतः लावतो आणि लायब्ररी घरच्या घरी बांधून काढतो. पुस्तकांची नव्हे हो, गणितांची! आमच्या संस्थेत संगणक मी बघतो, त्यामुळे मला अडवणारंही कुणी नाही.

बायको त्याच संस्थेत धरणाच्या पाण्यावर संशोधन करते. पातळीचा अंदाज काढायला तिचा प्रोग्रॅम अख्खी दुपार खायचा. त्या दिवशी समिती येणार होती. अंदाज पटला तर तिची नोकरी कायम, नाहीतर घरी.

"तुझा प्रोग्रॅम वापरतो ती लायब्ररी नव्यानं बांधून देतो," मी म्हणालो. "चहा होईपर्यंत उत्तर!"

"आजच कशाला? चाललंय ते बरं चाललंय."

"तू बघच गं!"

सेटिंग्जमध्ये एक झकास पर्याय असतो, वेगवान गणिताचा. तो लावला की आपण कंपायलरला शब्द देतो, 'बाबा रे, इथे धड आकडेच येतील, तपासत बसू नकोस.' मी दिला. शब्द द्यायला आपलं काय जातं!

आणि खरंच, चहाला उकळी फुटायच्या आत प्रोग्रॅम संपला. मी कॉलर ताठ करून माझ्या खोलीत जाऊन बसलो. थोड्याच वेळात तिचा फोन.

"समिती समोर बसलीय आणि आलेख कोरा दिसतोय!"

"प्रोजेक्टर बदल."

बदलला. कोराच. वायर बदलली. कोराच! मग मी जे बोललो ते आठवलं की अजून कान तापतात. म्हणालो, "तुझ्याच नोंदींत घोळ असणार."

बिचारी सगळ्यांसमोर स्वतःच्या नोंदी उपसत बसली. "काही नाही रे," तिचा आवाज रडवेला झाला होता. "यंत्र बंद पडलं त्या दिवशी 'आकडा नाही' अशी खूण आहे. पण ती नेहमीच असते, प्रोग्रॅम तपासतो आणि तो दिवस सोडून देतो."

तपासतो! माझ्या शब्दाखातर कंपायलरनं लायब्ररीतली ती तपासणीच उडवली होती! एक खूण बेरजेत शिरली आणि अख्खं धरण 'आकडा नाही' होऊन बसलं.

धावत गेलो. चूक माझी, हे सगळ्यांदेखत सांगितलं. सेटिंग काढली, लायब्ररी पुन्हा बांधली.

"म्हणजे आता दुपारभर थांबायचं?" अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"हो," बायको म्हणाली. "सावकाश चालतो, पण खरं सांगतो."

थांबल्या. आलेख आला, पटला, नोकरी कायम झाली. माझा जीव भांड्यात पडला.

घरी येताना मात्र मला राहवेना. आपलं बोलणं असं निमूटपणे खरं मानणारं जगात कोण असतं?

"नुसतं सांगितलं आणि कंपायलरनं मानलं गं! एकदासुद्धा विचारलं नाही, नक्की ना म्हणून!"

"कशाला विचारेल?" ती म्हणाली. "त्याचं कुठे तुझ्याशी लग्न झालंय!"