हेल्मेटातली कुंभारीण

हेल्मेट उन्हात टाकावं, एवढंच प्राचीनं ठरवलं होतं. सोमवारी ओतूरच्या ज्युनिअर कॉलेजात शिक्षिका म्हणून हजर व्हायचं होतं. सासरच्या गावाहून, डिंगोऱ्याहून, रोज स्कूटीनं जायचं, आणि पडवीतल्या खुंटीवरचं हेल्मेट तर लग्न झाल्यापासून, म्हणजे चार महिने, डोक्यावर चढलेलं नव्हतं. आज शुक्रवार. घाबरट माणसं तयारीत कधी कमी पडत नाहीत.

घाबरट हा शब्द तसा सौम्यच. पिंपरीच्या चौथ्या मजल्यावर वाढलेल्या प्राचीनं सासरची शिरगणती पहिल्याच आठवड्यात केली होती. नवरा अमृत चाकणच्या कंपनीत, पंधरा दिवसांनी घरी येणारा. एरवी घरात सासूबाई, ट्यूबलाइटमागे पाल, पिठाच्या डब्याखाली मुंग्या आणि न्हाणीत बेडूक. न्हाणीत शिरण्याआधी प्राची तीनदा टाळ्या वाजवायची. (बेडूक हलायचा नाही. शेजारच्या चिमाकाकू मात्र कुठं आरती लागली म्हणून डोकावून जायच्या.) सासूबाईंना, साळुबाईंना, यातल्या कुणाचंच काही वाटत नसे. पाल तर त्यांच्याही आधीपासून या घरात नांदते, असं त्या मानानं सांगत.

तर प्राचीनं हेल्मेट उलटं केलं. आत, बरोबर कपाळ टेकतं तिथं, मातीची तीन बोटभर घरं एकमेकींना चिकटून बसली होती, आणि त्यांच्यावर बारीक कमरेची एक काळी माशी चिखलाची गोळी तोंडात धरून प्राचीकडे पाहत होती.

किंकाळी ऐकून साळुबाई कणकेच्या हातांनी धावत आल्या. हेल्मेटात डोकावल्या आणि एकदम उजळल्या. ही तर कुंभारीण. त्यांच्या माहेरच्या समजुतीप्रमाणे कुंभारणीनं बाईच्या वस्तूत घर बांधलं, की त्या बाईचा पाळणा हलणार हे ठरलेलं. अमृतच्या वेळी तिनं साळुबाईंच्या ट्रंकेला घर केलं होतं. आणि पिलं उडून जाईपर्यंत ते घर मोडायचं नसतं.

"आई, तसं काही नाहीये," प्राची म्हणाली.

"लाजू नगं."

दुपारपर्यंत चिमाकाकू परातभर चिंचा घेऊन आल्या. प्राचीच्या हातातला हंडा काढून घेण्यात आला. इथवर तिची काहीच तक्रार नव्हती. (चिंचा तिनंच संपवल्या. त्याचाही पुरावा झाला.) पण संध्याकाळी स्कूटीची चावी खिळ्यावरून उठून साळुबाईंच्या कमरेच्या पिशवीत गेली. रस्त्याला खड्डे फार, नोकरी काय पुढच्या सालीही मिळेल, असं त्यांचं म्हणणं.

पुढच्या साली कुठली मिळायला? दोन वर्षं आणि अकरा मुलाखतींनंतर ही एक जागा हाती आली होती, आणि सोमवारी हजर न झाल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. प्राचीनं अमृतला फोन लावला. त्यानं आधी अभिनंदन केलं आणि मग खरं आहे का, ते विचारलं.

शनिवारी सकाळी साळुबाई कांद्याच्या वावरात गेल्या आणि प्राचीनं आयुष्यातला पहिला धाडसी निर्णय घेतला. घरच नसलं तर पाळणा कसला? पालीनं पाडलं म्हणून सांगू. तोंडाला ओढणी बांधून, हातात उलथनं घेऊन तिनं पहिल्या घराला ठोकर मारली. माती फुटली आणि आतून कोळी पडले. एक नाही, अकरा. कुंभारीण पिलांच्या खाण्यासाठी कोळ्यांना डंख मारून, लुळे करून आत कोंबते, हे प्राचीला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ते आपल्या पायावर पडणं वेगळं. तेवढ्यात अकरातल्या एकानं पाय हलवला.

हेल्मेट घरंगळत बाजेखाली गेलं आणि प्राची बाजेशेजारी. चिमाकाकूंना ती तिथंच सापडली, बेशुद्ध. आता तर गावात कुणाला शंकाच उरली नाही. सोमवारी कॉलेज नाही, दवाखाना, असं साळुबाईंनी जाहीर केलं.

रविवारभर प्राची विचार करत राहिली. चक्कर कशानं आली ते सांगावं, तर घर फोडल्याचं कबूल करावं लागणार. न सांगावं, तर नोकरी गेली. एक तर दोनजिवाची होऊन घरात बसायचं, नाहीतर घरफोडी होऊन बाहेर पडायचं. शेवटी साळुबाई तिच्या केसांना तेल लावत असताना, तोंड दिसत नाही या आधारावर, तिनं सांगून टाकलं.

डोक्यावरचे हात थांबले. साळुबाई उठल्या, बाजेखालून हेल्मेट काढून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं.

"एकच मोडलंय. दोन हायती शाबूत." मग, "म्हंजी चक्कर कोळी बघून आली व्हती?"

"हो."

"पोटात काय नाय?"

"चिंचा आहेत."

आता रडतील की ओरडतील, याची प्राची डोळे मिटून वाट पाहू लागली. पण साळुबाईंनी हेल्मेट हलक्या हातानं पुन्हा खुंटीला लावलं. कमरेच्या पिशवीतून चावी काढली आणि तेलकट हातानंच तिच्या हातात ठेवली.

"यवढी नोकरी पायजे व्हती तर आधी रडायचंस की गं. मला वाटलं, तुला भ्यायलाच आवडतं." माळ्यावर अमृतचं जुनं हेल्मेट आहे ते घाल, पण आधी आत बघून घे, असंही त्यांनी बजावलं. मग पुन्हा केस हातात घेऊन त्यांनी विचारलं, "पन तितं शिकवनार काय तू? अमृत निस्तं सायन्स सायन्स म्हनतो."

"प्राणिशास्त्र." प्राचीनं सांगितलं. "पहिला तास झुरळाचा आहे."

साळुबाईंनी वेणीचा पेड घट्ट ओढला.

"मी येऊ का संगं?"

नको म्हणायला प्राचीनं तोंड उघडलं, आणि म्हणाली, "फक्त पहिल्या दिवशी."