आंब्याच्या फळीतली विभूती

२०१९ साल. उदगीरला त्या श्रावणात नळाला दहा-दहा दिवस पाणी नव्हतं, आणि पाण्याची वाट बघायची सोडून कोण कुणाकडे बसायला जातंय? सिद्धम्माच्या घरी तर कुणी येईनासंच झालं होतं. तिचे पती गुरुपादप्पा जाऊन दहा महिने झाले होते. भेटायला येणारे पहिल्या दोन-तीन महिन्यांत येऊन गेले होते.

गुरुपादप्पांची लाकडाची वखार होती. जन्मभर त्यांनी गिऱ्हाइकांना बजावलं, "सागवान घ्या. आंब्याच्या नादी लागू नका, भुंगा लागतो." आणि शेवटच्या वर्षी बायकोसाठी जे कपाट केलं, ते आंब्याचं! सिद्धम्माच्या माहेरचं झाड वाऱ्यानं पडलं होतं. "तुझ्या झाडाचं सरपण होऊ देऊ का?" म्हणून त्यांनी ते मुखेडहून टेम्पोत घालून आणलं. त्याच कपाटाच्या उघड्या कप्प्यात आता त्यांचा फोटो होता, आणि सिद्धम्मा अर्ध्या भाकरीवर आली होती.

एका सोमवारी सकाळी फोटोच्या चौकटीवर पिठासारखी फिकट भुकटी दिसली. सिद्धम्मानं ती चिमटीत घेतली, नाकाजवळ नेली आणि मग कपाळाला लावली. तेवढ्यात शेजारची शिवकन्या विरजण मागायला आली.

"अगं माय! काका विभूती द्यायलेत!"

सिद्धम्मा विरजण आणायला आत वळली. शिवकन्येला तेवढं पुरे होतं.

दुपारपर्यंत गल्लीतल्या आठ बायका आल्या. गुरुवारपर्यंत पुड्या बांधायला वर्तमानपत्र कमी पडायला लागलं. शिवकन्येनं नवऱ्याच्या गुडघ्याला चोळली. मुखेडहून एक बाई मुलीचं लग्न जमत नाही म्हणून एसटीनं आली. सगळ्यांना चहा होत होता, आणि सिद्धम्मा मधोमध बसून नवऱ्याच्या गोष्टी सांगत होती. त्या आठवड्यात ती दोन भाकरी जेवली.

सून दामिनी शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं कपाटाच्या वरच्या फळीवर बॅटरी मारली आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"अहो, भुंगा हाय तो. टाचणीएवढी भोकं पडलीत. लोकं किड्याचा भुसा कपाळाला लावायलेत!"

"हळू बोल," आईकडे बघत उमाशंकर म्हणाला. "अव्वा जेवायलीय."

"अन् आपला नवा पलंग? तोबी आंब्याचाच हाय. उद्या तिथंबी अप्पा यायचे!"

शेवटी ठरलं, की अव्वाला कळू न देता औषध करायचं. भोकांत औषध सोडायला उमाशंकर मेडिकलवर इंजेक्शनची सुई मागायला गेला. दुकानदारानं विचारलं, "टोचायची कुणाला?"

"कपाटाला," तो बोलून गेला. दुकानदारानं पुढचं विचारलं नाही, फक्त एकीऐवजी दोन सुया दिल्या.

पुढच्या सोमवारी सिद्धम्मा मठात गेली, तेव्हा नवरा-बायकोनं तोंडाला फडकी बांधली. तो भोकात औषध सोडायचा, ती मागून मेण भरायची. एका भोकातलं औषध तिसऱ्याच भोकातून बाहेर आलं आणि थेट गुरुपादप्पांच्या फोटोवर उडालं. "माफ करा अप्पा," म्हणत उमाशंकरनं तो पुसला, आणि पुसता पुसता तिथंच खाली बसून लहान पोरासारखा रडला. बाप गेल्यावर तो पहिल्यांदाच रडत होता. दामिनीनं मेणाची वाटी बाजूला ठेवली.

भुकटी थांबली. दोन आठवड्यांत बायकाही थांबल्या. "आपल्यातच कुणाचंतरी चुकलं असंल," असं म्हणत शिवकन्या शेवटची उठली. सिद्धम्मा पुन्हा अर्ध्या भाकरीवर आली. रोज सकाळी ती फोटोच्या चौकटीवरून बोट फिरवायची आणि कोरडं बोट पदराला पुसायची.

हे बघवेना तेव्हा दामिनीनंच मठातून विभूती आणली आणि सकाळी लवकर उठून फोटोवर भुरभुरली.

सिद्धम्मानं चिमूट नाकाजवळ नेली. "दामिनी, ही मठातली हाय गं."

दामिनीचा चेहरा पडला. "अव्वा, ती... ती पयली..."

"पयला भुसा व्हता. मला काय कळत न्हाई? चाळीस वरसं त्यांचे सदरे झटकले मी. वखारीतून आले की अंगणात उभं करायची, म्हणायची, आधी झटकू द्या, मग घरात या. अस्साच वास."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं का न्हाई?"

"लोकं येत व्हते. त्यांच्याविषयी इचारत व्हते. म्हनलं, चार दिस बोलू दे."

"अन् कपाळाला का लावला?"

"सदरा कुठाय आता झटकायला?"

दामिनीनं त्याच दिवशी उमाशंकरला कपाटाची मागची फळी काढायला लावली. त्या फळीपर्यंत औषध पोचलं नव्हतं, आत भुंगे जिवंत होते. वीतभर तुकडा कापून त्यांनी लाडवाच्या स्टीलच्या डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. विज्ञानाच्या बाईंनी घरात भुंगे पाळले! दर सोमवारी सिद्धम्मा डबा उघडायची, वास घ्यायची, बंद करायची आणि जेवायला बसायची.

शिवकन्येच्या नवऱ्याचा गुडघा दुखतोच आहे. पुडी मात्र तिनं देव्हाऱ्यात जपली आहे. मुखेडच्या बाईच्या मुलीचं लग्न त्याच माघात झालं, आणि ती अजून नारळ पाठवते. उमाशंकरच्या पलंगाला भुंगा लागला नाही. कपाट अजून उभं आहे, अंगभर मेणाचे ठिपके घेऊन.

सिद्धम्मा २०२३ च्या उन्हाळ्यात गेली. दामिनीनं डबा उघडला, तर फळीचा नुसता पापुद्रा उरला होता. बोट लावताच तोही भुसा झाला. लिंगायतांच्या रीतीनं समाधीच्या खड्ड्यात विभूती ठेवताना तिनं तो डबा पुढे केला. मंत्र म्हणणाऱ्या जंगमांनी वास घेतला, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मंत्र न थांबवता डबा रिता केला.