पुढचा टू आणि मागचा टू

तक्रार विभागात इंग्रजी येणारा माणूस एकच आहे, असं खुद्द त्या माणसाचं मत होतं. ऑफिसात त्यांना सगळे डिक्शनरीकाका म्हणत. काकांना ते कौतुक वाटे, आणि कौतुक म्हणून घेतली की कुठलीही टिंगल अंगाला लागत नाही. कंपनी कपडे धुवायची मशिनं विकायची. मशिनं स्वस्त होती, दिसायला देखणी होती आणि सुरू केली की जागा सोडून चालू लागायची. त्यामुळे तक्रार विभागाला कामाची ददात नव्हती.

एके सकाळी मॅनेजरांनी काकांना बोलावलं. "काका, तक्रार आली की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आपोआप उत्तर गेलं पाहिजे. इंग्रजीत. वरून हुकूम आलाय. तुम्ही लिहा. जमलं तर विभागप्रमुखाच्या जागेसाठी तुमचंच नाव पाठवतो."

विभागप्रमुखाला केबिन होती आणि केबिनला दार होतं. काकांची सगळी नोकरी जिन्याखालच्या टेबलावर गेली होती. वरच्या मजल्यावर जाणारा प्रत्येक जण अक्षरशः त्यांच्या डोक्यावर पाय देऊन पुढे जाई. निवृत्त होण्याआधी एकदा तरी आपण आत बसलेलं असावं आणि बाहेरच्यानं दारावर टकटक करावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

काकांचं इंग्रजी एका सूत्रावर उभं होतं. ते सूत्र ते कुणालाही, न विचारता, समजावून सांगत. "आपण म्हणतो, मदत करायला आनंद वाटेल. इंग्रजाला एवढी सवड नाही. विशेषण घ्या, टू लावा, क्रियापद चिकटवा. हॅपी टू हेल्प. रेडी टू गो. झालं इंग्रजी." सूत्र बरोबर होतं. काका तिथेच थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण लिहून झाल्यावर मजकूर त्यांना बोडका वाटला. हल्ली लोक फारच छान या अर्थी 'टू गुड' म्हणतात, हे त्यांच्या कानावर होतं. तेव्हा त्यांनी प्रत्येक विशेषणाच्या आधीही एक टू बसवला, चांगला दोन 'ओ' असलेला, भरघोस.

मजकूर तयार झाला. "वी आर टू सॉरी टू हिअर युवर कम्प्लेंट. वी आर टू हॅपी टू हेल्प यू. अवर मेकॅनिक इज टू ईगर टू कम."

मॅनेजरांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. "काका, इथे टू चुकून दोनदा पडलाय का?"

"पडला नाही साहेब, ठेवलाय. पुढचा टू आदराचा, मागचा कामाचा."

"तेच म्हणतोय मी," मॅनेजर म्हणाले. आपल्याला कळत नाही हे कबूल करण्यापेक्षा मंजुरी देणं केव्हाही सोपं असतं.

उत्तरं जायला लागली आणि आठवड्याभरात फोन थंडावले. ज्यांना इंग्रजी येत होतं त्यांनी कपाळावर हात मारून मशीन भंगारात घातलं. ज्यांना येत नव्हतं त्यांना अर्थ विचारायची लाज वाटली. मेकॅनिकला कधी नव्हे ती दुपारची झोप मिळू लागली, आणि भिंतीवरचा तक्रारींचा आलेख घसरगुंडीवरून सुटल्यासारखा खाली आला. "बघा," मॅनेजर सगळ्यांना सांगत सुटले, "गोड बोललं की गिऱ्हाईक विरघळतं." मुख्य कचेरीतून निरोप आला, बडे साहेब सोमवारी स्वतः येताहेत. काका येता-जाता केबिनच्या दाराची कडी घालून-काढून पाहू लागले.

शनिवारी एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांनी छत्री काकांच्या टेबलावर आडवी ठेवली आणि मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच," काका संकोचून म्हणाले. "आवडलं का?"

"टू टायर्ड टू वॉक. आपल्या भाषेत सांगा."

"खूप दमला... आणि चालला."

"दमला म्हणून चालला?"

"तसं नव्हे. म्हणजे, त्याला चालवलं नाही."

"इतका दमला, की चालवेना. पुढचा टू आला की मागचं काम होत नाही. आता तुमचं वाचा. टू सॉरी टू हिअर."

"इतकं वाईट वाटलं, की..." काका अडखळले.

"बोला."

"ऐकवेना."

"पुढे. टू हॅपी टू हेल्प."

"इतका आनंद झाला, की मदत करवेना."

"आणि तुमचा मेकॅनिक?"

"इतका उतावीळ, की येववेना," काका म्हणाले आणि रुमाल शोधू लागले.

"माझं मशीन न्हाणीतून निघून स्वयंपाकघरापर्यंत आलंय. ते मात्र दमत नाही. मेकॅनिक पाठवा, आणि ते पुढचे टू काढा. माझ्या वर्गात असतात तर बाकावर उभं केलं असतं मी तुम्हाला."

काकांनी मेकॅनिकला झोपेतून उठवून बाईंबरोबर धाडलं. संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"मग आता गप्प बसा," ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "सोमवारी साहेब येऊन जाऊ देत."

"अगं, पण माझ्या नावावर चुकीचं इंग्रजी गावभर फिरतंय."

"इतकी वर्षं फिरतंयच की. तुम्हाला केबिन हवीय की व्याकरण?"

काकांना दोन्ही हवं होतं. रविवार त्यांनी तळमळत काढला. गिऱ्हाइकांना त्रास झाला याचं त्यांना फारसं काही नव्हतं, खोटं कशाला बोला. पण एक बाई आपल्याला अडाणी समजून गेली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. सोमवारी ते सगळ्यांच्या आधी ऑफिसात आले, पुढचे टू एकूण एक काढून टाकले आणि जुन्या तक्रारदारांनाही नवं उत्तर पाठवून दिलं. मन हलकं झालं.

मन हलकं झालं ते ऑफिस उघडेपर्यंतच. मग सगळे फोन एकदम वाजू लागले. "हॅपी टू हेल्प म्हणताय ना, मग या की." "मेकॅनिक ईगर आहे ना, कुठे अडलाय?" ज्यांनी नाद सोडला होता तेही भंगारवाल्याकडून मशीन परत आणून बोलत होते. मेकॅनिकनं मजकूर वाचला. "मी यायला उतावीळ आहे हे कुणी ठरवलं? मला विचारलंत?" असं म्हणून तो पाठ धरून रजेवर गेला.

मॅनेजर धावत आले. "काका, काय केलंत?"

"चूक होती साहेब, सुधारली."

"चूक होती तेव्हा सगळं सुरळीत होतं ना? मग तुम्हाला कुणी सुधारायला सांगितलं?"

एवढ्यात बडे साहेब आत आले. साहेबांचं शिक्षण परदेशात झालेलं, त्यामुळे त्यांना इंग्रजी खरोखरच येत होतं. त्यांनी आधीचा मजकूर वाचला, नवा वाचला आणि चष्मा काढला.

"आधीचा कुणाचा?"

मॅनेजरांनी ताबडतोब काकांकडे बोट दाखवलं.

"मुख्य कचेरीत आमचे वकील हे वाचून थक्क झालेत," साहेब म्हणाले. "मदत करणार नाही असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगितलं, तेही हसत. खरं सांगा, हे मुद्दाम लिहिलंत, की अज्ञानातून?"

खरं सांगावं तर अडाणी ठरायचं, खोटं सांगावं तर लबाड. अडाणी माणसाला केबिन मिळाल्याचं त्यांनी पाहिलं होतं, पण त्यानं ते कबूल केल्याचं पाहिलं नव्हतं.

"मुद्दाम, साहेब. शब्दन् शब्द तोलून."

"मग काढलंत का?"

"फरक पाहावा म्हणून. एकच दिवस."

साहेब मोठ्यानं हसले. "पुढचे टू परत बसवा. भाषेवर अशी पकड असलेला माणूस जिन्याखाली बसतो म्हणजे काय? संध्याकाळपर्यंत तुमचं काय ते कळवतो." त्यांनी पाठ थोपटली. काकांनी स्वतःच्या हातानं सगळे टू जागच्या जागी बसवले, उत्तर पुन्हा सगळ्यांना धाडलं, आणि तास उलटायच्या आत फोन एकेक करून गप्प झाले.

संध्याकाळी काकांच्या मोबाइलवर निरोप आला. मॅनेजरांनी तो हातातून ओढून घेतला आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. "वी आर टू प्लीज्ड टू प्रमोट यू." टाळ्यांचा एकच कडकडाट झाला.

"अभिनंदन, काका," मॅनेजर म्हणाले. "खुद्द साहेबांनी तुमच्या पद्धतीनं लिहिलंय. चहा द्या आता सगळ्यांना."

काकांनी मोबाइल परत घेतला. इतके खूश झालो, की बढती देववेना. त्यांनी मनातल्या मनात पुन्हा लावून पाहिलं, दुसरा अर्थ निघेना. साहेबांनी हे मुद्दाम लिहिलं की चुकून, हे विचारायची सोय नव्हती. शब्दन् शब्द तोलून लिहिणाऱ्यानं दुसऱ्याला अर्थ विचारायचा नसतो.

त्यांनी ऑफिसभर सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं चहा पाजला. प्रत्येकानं हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि काकांनी प्रत्येकाचे आभार मानले. त्या निरोपाचा अर्थ कळणारा माणूस आता खरोखरच ऑफिसात एकच होता.