वरून दिसणारं रान

वेबसाइट उघडली तेव्हा दीपमालाला वाटलं, इंद्रजितनं चुकून दुसऱ्याच कुणाची तरी उघडली. पडद्यावर दुधासारख्या पांढऱ्या शेळ्या होत्या. त्यांच्या पायाखाली सतरंजी अंथरावी तसं सारखं कापलेलं गवत होतं आणि मागं बर्फाचा डोंगर होता. वर मात्र ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'दीपमाला शेळीपालन, मुरुम. अस्सल उस्मानाबादी शेळ्या मिळतील.'

"ही कुणाची शेरडं?" तिच्या नवऱ्यानं, बलभीमनं विचारलं.

"नमुन्याची हायत, दादा," इंद्रजित म्हणाला. "नेटवर फुकट मिळत्यात. बगा की, किती ठळक फोटो हाय. केसन् केस दिसतुय."

इंद्रजितचा मुरुमच्या बाजारात फोटो स्टुडिओ होता. लग्नसराईत तो लग्नांचे फोटो काढायचा आणि एरवी दुकानदारांना वेबसाइट करून द्यायचा.

"आपली शेरडं काळी हायत," दीपमाला म्हणाली.

"लोक फोटो बगून येतील, वहिनी. आल्यावर मग आपली दावायची."

पुढचे काही दिवस वस्तीवरची माणसं शेरडांपेक्षा तो डोंगर बघायलाच येत होती. बायका मोबाईल हातात धरून उभ्या राहत आणि हळू आवाजात बोलत, जणू मोठ्यानं बोललं तर बर्फ ढासळेल. एका म्हातारीनं, या शेरडांना रात्री थंडी वाजत असेल का, अशी मनापासून चौकशी केली.

मग बार्शीकडचा एक माणूस बायकोला घेऊन पिकअपमधून आला. शेडमध्ये शिरला, काळ्याभोर शेळ्यांमधून चालत पलीकडच्या दारानं बाहेर पडला आणि शेडच्या मागं जाऊन उभा राहिला.

"डोंगर कुठंय?" त्यानं विचारलं.

"डोंगर न्हाय इथं," दीपमाला म्हणाली.

"आणि पांढऱ्या?"

"पांढऱ्याबी न्हाईत."

माणूस भला होता. त्यानं आवाज चढवला नाही, चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि रिकाम्या गाडीनं परत गेला. त्याची बायको जाताना वळून वळून त्या रिकाम्या आभाळाकडं बघत होती, एखादा डोंगर नजरेतून सुटला तर नसेल म्हणून.

दीपमालाला ती गोष्ट फार लागली. आपल्या कळपातली प्रत्येक शेळी कुणाची लेक, कुणाची नात, हे तिला तोंडपाठ होतं. कातडी अशी तुकतुकीत की उन्हात डोळे दिपावेत, कान लांब, चाल डौलदार. इतकी चांगली शेरडं दारात असताना दुसऱ्याच्या शेरडांपायी मान खाली घालावी लागली.

"आपलीच पायजेत," तिनं इंद्रजितला सांगितलं. "जशी हायत तशी."

जशी आहेत तशी शेरडं फोटोत येईनात. शेडमधल्या अंधारात काळी शेळी उभी केली की फोटोत नुसते दोन पिवळे डोळे यायचे. बलभीम म्हणाला, हा फोटो टाकला तर शेरडं घ्यायला कुणी येणार नाही, पण चोरही येणार नाही. मग मागं पांढरं कापड हवं असं ठरलं. दीपमालानं पेटीतली नवी चादर काढून भिंतीला बांधली. इंद्रजित कॅमेरा नीट करेपर्यंत शेळ्यांनी चादरीचा एक कोपरा संपवला होता. त्या दिवशीचा एकुलता एक स्वच्छ फोटो आला तो चादरीच्या भोकाचा. भोकातून बोकडाचं नाक डोकावत होतं.

इंद्रजितनं कॅमेरा पिशवीत भरला. "वहिनी, चांगल्या फोटूला उजेड पायजे, मोकळी जागा पायजे आणि आपला फोटू काढत्यात हे त्येनला कळाय नको. उद्या सकाळी ड्रोन आणतो. वरनं काढू."

दीपमालाच्या शेडभोवती थोडं पडीक रान होतं आणि त्याला लागून महांतप्पांचं शेत होतं. मधे हरभरा, कडेनं करडईचं दाट काटेरी कुंपण. करडई फुलावर आली होती आणि साऱ्या शेताला पिवळा-केशरी काठ लावल्यासारखा दिसत होता. महांतप्पा तसे कमी बोलणारे, पण पिकात कुणी पाय टाकलेला त्यांना खपत नसे. शेडकडं येणारी टेंपोची वाट त्यांच्याच बांधावरून होती. ती त्यांनी तोंडी दिली होती. ते नाही म्हणाले, तर दीपमालाच्या धंद्याची वाटच बंद होणार होती.

सकाळी शेरडं पडीक रानात सोडली. ऊन कोवळं होतं. इंद्रजितनं ड्रोन उडवला. तो भुणभुणत वर गेला आणि कळपावर आला. बोकडानं मान वर केली, क्षणभर त्याच्याकडं बघितलं आणि धूम ठोकली. त्याच्यामागं सगळा कळप. करडईच्या कुंपणात एका जागी झाडं वाळून फट पडली होती. तिथून तो काळा लोंढा हरभऱ्यात घुसला.

"खाली घे त्येला," दीपमाला ओरडली.

इंद्रजितनं घाबरून भलतंच बटण दाबलं. ड्रोन आणखी वर गेला.

मग हरभऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडून महांतप्पा आले. डोकं उघडं, धोतर गुडघ्याच्या वर, दोन्ही हात हवेत. ते पळत होते, शेरडं पळत होती, बलभीम आणि दीपमाला पळत होती. शेरडं मधेच थांबून हरभऱ्याच्या घाट्यांचा एक-एक घास घेत होती आणि पुन्हा पळत होती. सगळी परत शेडमध्ये कोंडेपर्यंत ऊन चांगलंच तापलं.

महांतप्पा बांधावर दम खात बसले. दीपमाला पदर सावरत समोर उभी राहिली.

"अप्पा, चूक आमची हाय."

"ते म्या बगितलंय," महांतप्पा म्हणाले. त्यांनी इंद्रजितच्या हातातल्या, आता खाली उतरवलेल्या ड्रोनकडं बोट केलं. "ह्या भिरभिऱ्यात समदं आलं आसंल. दाव मला. चार माणसांम्होरं ठिवायला पुरावा पायजे."

इंद्रजितनं दीपमालाला हळूच विचारलं, "पुसून टाकू का?"

"न्हाय. दाव त्येनला."

उन्हात इंद्रजितच्या टॅबच्या पडद्यावर काही दिसेना. शेवटी दीपमालानं ती खाल्लेली चादर आणली आणि महांतप्पा, बलभीम, इंद्रजित आणि ती असे चौघं टॅबवर चादर पांघरून बांधावर बसले.

आधी पडीक रान दिसलं, मग शेड, मग ड्रोन वर वर गेला आणि खालचं सगळं एकदम उघडलं.

चादरीखाली चौघांची डोकी पडद्याजवळ सरकली.

एवढं हिरवं त्यांच्यापैकी कुणी कधी एका नजरेत बघितलं नव्हतं. हरभऱ्याच्या ओळी सरळ येत होत्या आणि मधे एका जागी हळूच वळून पुन्हा सरळ होत होत्या, पाण्यात खडा टाकल्यावर लाटा वळाव्यात तशा. भोवती करडईचा केशरी काठ. बाजूला काळी जमीन, विहिरीचा गोल डोळा आणि त्यात आभाळाचा तुकडा. काठ फोडून एक काळी धार त्या हिरव्यात शिरली, पसरली, दुभंगली आणि पुन्हा एक झाली. इतक्या उंचावरून शेरडांचा आवाज येत नव्हता. सगळं निःशब्द चाललं होतं.

"हे कुणाचं रान?" महांतप्पांनी विचारलं.

"तुमचंच की, अप्पा."

"माजं?"

"व्हय. ती बगा तुमची हीर."

महांतप्पांनी पडद्याजवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही. "हितं ओळ वळतीय ना, हितं जमिनीत खडक हाय. माज्या बापापसनं नांगर हितनं वळतुय. मला वाटायचं, वाकडं दिसत आसंल." त्यांनी बोट मागं घेतलं. "परत दाव."

इंद्रजितनं परत दाखवलं. मग पुन्हा. पुराव्याची गोष्ट त्यांच्या डोक्यातून कधी गेली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शेवटी त्यांनी बलभीमला घरी पाठवून बायकोला बोलावून घेतलं. महादेवीअव्वा भाकरी टाकून, हाताला पीठ तसंच घेऊन आल्या आणि चादरीखाली शिरल्या.

त्यांनी रान या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग त्यांचं लक्ष एका कोपऱ्यात गेलं.

"ह्यो पांढरा किडा कसला वळवळतुय?"

"म्या हाय त्यो," महांतप्पा म्हणाले.

महादेवीअव्वा हसल्या नाहीत. त्यांनी त्या ठिपक्याकडं आणि मग नवऱ्याकडं बघितलं. "येवढंसंच हाव व्हय आपण," त्या म्हणाल्या.

पंचायतीचं कुणी नाव काढलं नाही. वाट चालू राहिली. इंद्रजितनं पुढचा आठवडाभर रोज शेडवर येऊन ड्रोननंच जवळून फोटो काढले. ड्रोनला शेरडं बुजू नयेत म्हणून तो उडाला की बलभीम पेंड टाकायचा. चार दिवसांत शेरडं अशी शहाणी झाली की भुणभुण ऐकली की जागच्या जागी थांबून, माना वर करून उभी राहायची.

वेबसाइटवर सगळ्यात वर कुठला फोटो टाकायचा, एवढंच ठरत नव्हतं. इंद्रजितचं म्हणणं, शेळीच्या धंद्यात शेळी दिसली पाहिजे, त्या दिवशी वरून काढलेल्या फोटोत तर शेरडांच्या नुसत्या मुंग्या दिसतात. दीपमालाची नजर मात्र त्या मुंग्यांवरून हलत नव्हती.

अशात एका सकाळी महांतप्पा आले. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्याला कोरा गुलाबी पटका.

"दीपमाला, त्यो फोटू टाकू नको," ते म्हणाले.

"का, अप्पा?"

"त्या दिशी माजं डोस्कं उगडं व्हतं. सारं जग बगणार. आज शेरडं परत सोड माज्या रानात."

"अन् हरभरा?"

"खाऊ दे चार घाटं. म्या वाट करून आलोय." ते आपल्या हातानं करडईचं कुंपण तोडून आले होते. पोटऱ्यांवर काट्यांचे ताजे ओरखडे होते.

शेरडं त्या वाटेशी नेऊन सोडली. महांतप्पा हरभऱ्याच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहिले. महादेवीअव्वा विहिरीच्या कठड्याला टेकून बघत होत्या. इंद्रजितनं ड्रोन वर नेला.

भुणभुण ऐकताच सगळी शेरडं थांबली. माना वर करून पेंडीची वाट बघत ओळीनं उभी राहिली. एकही हलेना. बलभीमनं मागून ढकललं, तरी बोकड आभाळाकडंच बघत राहिला.

पण महांतप्पांना लांबून ते दिसलं नाही. त्यांनी ड्रोन वर गेलेला पाहिला आणि ठरल्याप्रमाणे दोन्ही हात उंचावून पळायला सुरुवात केली. त्या अफाट हिरव्यातून, खडकापाशी वळणाऱ्या ओळींच्या बरोबर वळत, ते एकटेच पळत आले.

त्या दिवशीचा आणि आजचा, दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून दीपमाला बराच वेळ बसली. मग तिनं आजच्यावर बोट ठेवलं. इंद्रजितनं तोच सगळ्यात वर टाकला.

आठवडाभरात लातूरहून एका माणसाचा फोन आला. शेळ्यांचं वय, वजन, सगळं विचारून झाल्यावर तो अडखळला.

"ताई, एक विचारू का? फोटोत समदी शेरडं उभी हायत आणि आजोबा एकटेच पळत्यात. कशाच्या मागं?"

दीपमालानं बांधापलीकडं बघितलं. महांतप्पा हरभऱ्यात वाकले होते.

"कशाच्याच न्हाय," ती म्हणाली. "त्येनला वरनं दिसायचं व्हतं."

मग त्या माणसानं शेडवर यायचा रस्ता विचारला.