सातव्या डिस्कची कुरकुर

नकाशे छापणाऱ्या त्या कार्यालयात त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि ते नाव त्याने कमावलेलं होतं. कुठल्या प्रिंटरात कागद अडकलाय हे तो खुर्चीतून न उठता सांगे. त्यामुळे सर्व्हरच्या खोलीतून कुरकुर ऐकू येऊ लागली, तेव्हा त्याने साहेबांना छातीठोकपणे सांगितलं, की बाहेरचा माणूस बोलावायची काही गरज नाही. बारा डिस्कपैकी कुरकुरणारी शोधायची, ओढून काढायची, नवी बसवायची. दुपारपर्यंत काम फत्ते.

साहेब म्हणाले, "जमलं तर ही खोली कायमची तुमच्याकडे. नाही जमलं तर तुम्ही कायमचे प्रिंटरकडे."

एक डिस्क गेली तरी उरलेल्या अकराजणी तिचं काम ओढून नेतात. दुसरी गेली की चाळीस वर्षांचे नकाशे गंगार्पण. हे कानसेनला पाठ होतं. पण तो एकच तर काढणार होता.

कान लावला, तर अख्खं कपाटच गुणगुणत होतं. त्याने बाहेरच्यांना खुर्च्या हलवायची बंदी केली. मग एसी बंद केला. खोली तापली, तसे सर्व्हरचे पंखे पिसाळले आणि विमान उडायच्या बेतात असल्यासारखा गोंगाट सुरू झाला. एसी निमूटपणे पुन्हा लावला. शेवटी त्याने पिशवीतून ब्रह्मास्त्र काढलं: बायकोचा स्टेथोस्कोप. बायको नर्स होती, आणि स्टेथोस्कोप तिला न विचारता आणलेला होता.

सातव्या डिस्कवर त्याचा चेहरा उजळला. दारात साहेब आणि निम्मं कार्यालय जमलं. ती ओढून काढायला त्याने तिच्या खिट्टीला हात घातला, तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बायको आत आली. अर्ध्या तासात तिची ड्युटी होती आणि स्टेथोस्कोप घरात कुठेच नव्हता.

"अगं, एक मिनिट. पेशंट सापडलाय. केवढी कण्हतेय बघ."

"कण्हणाऱ्याची घाई नसते," ती म्हणाली. "आधी गप्प पडलेला बघायचा."

तिने नळी काढून घेतली आणि राउंडवर असल्यासारखी ओळीने एकेक डिस्क तपासली. नवव्या डिस्कपाशी थांबली. पुन्हा ऐकलं.

"हिला नाडीच नाही. ही कधी गेली?"

कानसेन समजूतदारपणे हसला. गेली असती तर लाल दिवा लागला नसता का, असं त्याने तिला समजावलं. दिवा कुठे असतो, असं तिने विचारलं. तो दाखवायला वाकला आणि तसाच राहिला. दिव्याच्या जागी त्यानेच सुबक अक्षरात लिहून चिकटवलेला आकडा होता. बाराही डिस्कवर.

तिने नखाने नऊचा आकडा खरवडला. खाली लाल दिवा लुकलुकत होता. किती महिने, कुणास ठाऊक. नवव्या डिस्कचं काम बाकीच्या ओढत होत्या. सातवी तेवढी बोलून दाखवत होती.

कानसेनने सातवीच्या खिट्टीवरचा हात चटका बसल्यासारखा काढला.

नववी बदलली, नकाशे वाचले. आता खोली कुणाची, एवढाच प्रश्न उरला. साहेबांनी घसा साफ केला. कानसेन शर्ट नीट करून पुढे झाला. साहेब त्याला वळसा घालून पलीकडे गेले.

"वहिनी, तुमची ड्युटी किती वाजता सुटते?"

"आठला," कानसेनच हळूच म्हणाला.